पार्श्वभूमी : शिकारीच्या बंदुकीपासून उशाशी ठेवलेल्या पिस्तुलापर्यंत

अमेरिकेतल्या बंदूकमालकांवर विचारपूर्वक लिहिलेले पुस्तक वाचायचे, तर शस्त्र बाळगण्याचा हक्क देणाऱ्या १७९१च्या दुसऱ्या घटनादुरुस्तीपेक्षा गेली चाळीसेक वर्षे अधिक उपयोगी पडतात. १९९९च्या एका पाहणीत ४९ टक्के मालकांनी बंदूक मुख्यतः शिकारीसाठी घेतल्याचे सांगितले होते. स्वसंरक्षणाचे कारण देणारे २६ टक्केच होते. २०१३मध्ये स्वसंरक्षण ४८ टक्क्यांवर पोहोचले, शिकार ३२वर उतरली. याच काळात देशातले हिंसक गुन्हे बरेच घटले होते, आणि मला तीच गोष्ट सर्वांत बोलकी वाटते.

कायदे त्याआधीच सैल होऊ लागले होते. १९८७मध्ये फ्लोरिडाने अटी पुऱ्या करणाऱ्याला छुपे शस्त्र बाळगण्याचा परवाना देणे बंधनकारक केले. बहुतेक राज्ये त्याच वाटेने गेली. आज निम्म्याहून अधिक राज्यांत परवानाही लागत नाही.

खरा गुंता केला तो १९९४च्या केंद्रीय बंदीने. तिने ‘असॉल्ट वेपन’ असा वर्ग पाडला : काही मॉडेले नावानिशी, बाकीच्यांसाठी लक्षणांची यादी. गोळ्यांचे सुटे मॅगझिन लागणाऱ्या अर्धस्वयंचलित (दर गोळीला घोडा पुन्हा दाबावा लागणाऱ्या) रायफलीला घडीचा दस्ता, पिस्तुलासारखी मूठ, संगीन बसवायची सोय अशांपैकी दोन गोष्टी असल्या की ती बंदीत. उत्पादकांनी संगिनीची सोय वगैरे काढून टाकली आणि जवळपास तीच रायफल पुन्हा दुकानात आली. लोकांकडे आधीपासून असलेल्या रायफली तर वैधच राहिल्या. दहाहून जास्त गोळ्यांच्या नव्या मॅगझिनवरची बंदी हा त्या कायद्यातला कामाचा भाग होता. वाद मात्र मुठीवर आणि दस्त्यावर रंगला. सप्टेंबर २००४मध्ये मुदत संपली, ती वाढवली गेली नाही.

‘असॉल्ट’ हा शब्द मात्र मागे उरला. लष्करी असॉल्ट रायफलीतून घोडा दाबून ठेवला की सलग गोळ्या सुटू शकतात. तशा शस्त्रांवर १९३४पासून कर आणि नोंदणी आहे, १९८६नंतर बनलेली सामान्य नागरिकाला मिळत नाहीत. दुकानात मिळणाऱ्या अर्धस्वयंचलित ‘एआर-१५’ रायफलीच्या नावातला ‘ए’ असॉल्टचा नाही, ‘आर्मालाइट’ या मूळ कंपनीच्या नावातला आहे. उद्योग याच रायफलीला ‘मॉडर्न स्पोर्टिंग रायफल’ म्हणतो. मालकांना नावांची ही गल्लत अज्ञान वाटते, गोळीबारात ज्यांची माणसे गेली त्यांना ही दुरुस्ती शब्दच्छल वाटते.

२००८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी घरात स्वसंरक्षणासाठी बंदूक ठेवणे हा व्यक्तीचा हक्क मानला. २०२२मध्ये तो घराबाहेरही गेला. करोनाच्या काळात पहिल्यांदाच बंदूक घेणाऱ्यांत जवळपास निम्म्या स्त्रिया होत्या.

२०२१मध्ये बंदुकीने ४८,८३० जण दगावले. त्यांत निम्म्याहून अधिक आत्महत्या होत्या. न्यू हॅम्पशायरमध्ये २००९मध्ये एकाच दुकानातून बंदूक घेतलेल्या, एकमेकांशी संबंध नसलेल्या तिघांनी आठवडाभरात जीव दिला. त्यानंतर तिथले दुकानदार आणि आत्महत्या रोखण्यासाठी काम करणारे एकत्र बसले, आणि खचलेले गिऱ्हाईक कसे ओळखायचे, त्याला विक्री कधी नाकारायची, हे त्यांनी मिळून लिहून काढले.