हृदयाभोवतीची चरबी

हृदयाच्या स्नायूला थेट लागून आणि त्यावरच्या पातळ आवरणाखाली जी चरबी साठते, तिला अधिहृद मेद म्हणतात; डॉक्टरांच्या बोलण्यात तिचे नाव 'एपिकार्डियल फॅट' असे असते. हृदय ज्या पिशवीत असते त्या पिशवीच्या बाहेरही चरबीचा आणखी एक थर असतो. दोन्ही थर दिसायला सारखे असले, तरी गर्भावस्थेतील त्यांचा उगम निराळा आहे आणि त्यांना रक्त पुरवणाऱ्या धमन्याही निराळ्या आहेत. अनेक शोधनिबंधांत दोहोंना एकच नाव दिलेले आढळते, त्यामुळे त्यांतील आकडे ताडून पाहण्याआधी नेमका कोणता थर मोजला आहे हे तपासावे लागते.

गोव्यातल्या म्हापशाच्या बाजारात मटणाच्या दुकानावर बकऱ्याचे अख्खे हृदय हातात घेऊन पाहिले, तर या चरबीची जागा चटकन ध्यानात येते. जिथून मोठ्या रक्तवाहिन्या निघतात, त्या वरच्या भागाला पांढऱ्या, घट्ट चरबीचे कडे असते आणि त्यातून एक पट्टा उथळ खाचेतून टोकाकडे उतरलेला असतो. तो पट्टा सुरीच्या टोकाने अलगद सोलला की खाली हृदयाला रक्त पुरवणारी धमनी सापडते. माणसाच्या हृदयात या चरबीचा रंग पिवळसर असतो, पण मांडणी साधारण हीच. हृदयाचा सुमारे ८० टक्के पृष्ठभाग तिने झाकलेला असतो आणि हृदयाच्या एकूण वजनात तिचा वाटा २० टक्क्यांच्या आसपास असू शकतो.

ही चरबी मुळात रोगट नव्हे. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर धमन्या पिळवटतात, त्यांना ती गादीसारखा आधार देते. हृदयाचा स्नायू आपली बरीचशी ऊर्जा मेदाम्लांपासून मिळवतो, आणि त्यांचा साठा हाताशी ठेवण्याचे काम ती करते. ॲडिपोनेक्टिन हे धमन्यांना हितकारक असलेले संप्रेरकही तिच्यात तयार होते.

धोका उद्भवतो तो लगटीमुळे. शरीरात इतरत्र स्नायू आणि चरबी यांच्यामध्ये बहुधा एक पडदा असतो. इथे तो नाही. दोहोंचे सूक्ष्म रक्ताभिसरणही सामाईक आहे. त्यामुळे चरबी वाढून तिच्या पेशी फुगल्या, त्यांना प्राणवायू अपुरा पडू लागला आणि त्यांच्यात दाहकारक (सूज आणणाऱ्या) पेशी शिरल्या, की तिथे तयार होणारी द्रव्ये शेजारच्या धमनीच्या भिंतीपर्यंत सहज पोहोचतात. बायपास शस्त्रक्रियेच्या वेळी काढलेल्या नमुन्यांवरून २००३ मध्ये असे दिसून आले की, इंटरल्युकिन-६ आणि टीएनएफ-अल्फा यांसारखी दाहकारक द्रव्ये त्याच रुग्णांच्या पायाच्या त्वचेखालील चरबीपेक्षा हृदयाभोवतीच्या चरबीत कितीतरी अधिक असतात. याला जोड देणारा एक शारीरिक पुरावाही आहे. काही माणसांत धमनीचा छोटा तुकडा चरबीतून न जाता स्नायूच्या आत बुडालेला असतो, आणि तेवढ्या तुकड्यात धमनीकाठिण्य (भिंतीत मेद साठून धमनी कडक व अरुंद होणे) क्वचितच आढळते. मात्र त्या तुकड्यावर स्नायूचा दाब पडतो व रक्तप्रवाहही बदलतो, म्हणून सगळे श्रेय चरबीच्या अभावाला देणे घाईचे ठरेल.

हे नाते एकेरी नाही. दाह झालेली धमनीही भोवतालच्या चरबीवर परिणाम करते: तिच्या पेशी लहान राहतात, त्यांतील मेद घटतो आणि पाण्याचा अंश वाढतो. सिटी स्कॅनवर चरबीची घनता साधारण उणे १९० ते उणे ३० हाउन्सफील्ड एककांच्या (स्कॅनवरील घनतेच्या मापाच्या) दरम्यान दिसते. दाह असेल तिथे ती शून्याकडे सरकते. ऑक्सफर्ड येथील संशोधकांनी यावरून एक निर्देशांक बसवला, आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात उणे ७०.१ वा त्याहून वरचे, म्हणजे शून्याच्या अधिक जवळचे, मूल्य असलेल्यांमध्ये हृदयविकाराने होणारे मृत्यू लक्षणीयरीत्या अधिक आढळले. चरबी किती आहे यापेक्षा ती कोणत्या स्थितीत आहे हा प्रश्न त्यामुळे पुढे आला, आणि तोच अधिक महत्त्वाचा म्हटला पाहिजे.

अलिंदांभोवती, म्हणजे हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांभोवती, वाढलेली चरबी स्नायूच्या तंतूंमध्ये शिरून विद्युत्‌प्रवाह विस्कळीत करते. अलिंद-कंपनाशी (ठोके अनियमित पडण्याच्या विकाराशी) तिचा संबंध त्यातून येतो.

गोव्याच्या दृष्टीने हा विषय दूरचा नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या मधुमेहविषयक आयसीएमआर-इंडियाब पाहणीत मधुमेहाचे प्रमाण देशात सर्वाधिक गोव्यात, २६.४ टक्के आढळले, आणि मधुमेहींमध्ये हृदयाभोवतीचा हा थर सामान्यतः जाड असतो. शिवाय हातपाय किरकोळ आणि पोट मात्र सुटलेले, ही आपल्याकडची नेहमीची ठेवण फसवी असते. वजनकाटा समाधानकारक आकडा दाखवतो आणि चरबी मात्र पोटात व छातीत अवयवांभोवती साठलेली असते. म्हणूनच भारतीयांसाठी कमरेच्या घेराची मर्यादा पुरुषांना ९० सेंटिमीटर व स्त्रियांना ८० सेंटिमीटर अशी कमी धरली जाते. हा घेर आणि अधिहृद मेद बहुधा बरोबरीने वाढतात, त्यामुळे शिंप्याची टेप इथे पुष्कळ काही सांगून जाते.

टू-डी इको तपासणीत उजव्या जवनिकेच्या (हृदयाच्या खालच्या उजव्या कप्प्याच्या) पुढच्या भिंतीवर या थराची जाडी मिलिमीटरमध्ये मोजता येते. इकोच्या पडद्यावर चरबी काळसर दिसते आणि नवख्या डोळ्यांना ती हृदयाभोवती साठलेले पाणी वाटू शकते. 'हृदयाला पाणी झाले आहे' हे शब्द कानी पडताच घरची मंडळी हादरून जातात, म्हणून हा फरक नीट पाहणे अगत्याचे आहे: चरबी किंचित दाणेदार दिसते, हृदयाबरोबर हलते आणि बहुधा पुढच्याच बाजूला असते, तर पाणी सहसा आधी मागच्या बाजूला साठते. नेमके आकारमान हवे असल्यास सिटी स्कॅन किंवा एमआरआय करावा लागतो.

वजन घटले, विशेषतः आहार आवरून वा जठराच्या शस्त्रक्रियेनंतर, की हा थर पातळ होतो. नियमित व्यायामाचाही उपयोग होतो. लिराग्लुटाइड आणि डापाग्लिफ्लोझिन या मधुमेहावरील औषधांनीही तो कमी झाल्याचे छोट्या चाचण्यांत दिसले आहे. थर पातळ झाल्यामुळेच हृदयविकाराचे झटके टळतात हे मात्र अजून सिद्ध झालेले नाही, आणि केवळ इकोच्या अहवालात जाडी अधिक आली म्हणून वेगळे औषध सुरू करण्याची पद्धत नाही. रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल आणि तंबाखू यांकडेच उपचाराचा रोख असतो.