कुलुपातला नकाशा आणि भूगोलाची पदवी

भूगोलाची पदवी घेतलेल्या माणसाला काय येतं, असं विचारलं तर बहुतेकांना राजधान्या, नद्या आणि पिकं आठवतात. शाळेतल्या ‘इतिहास-भूगोल’ या जोडनावानं ही समजूत पक्की केली आहे. विद्यापीठातला भूगोल मात्र जमीन वाचायला शिकवतो. समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, पाहून उतार किती तीव्र आहे, ओढा कुठून येतो, पाणी कुठं साचेल आणि वस्ती तिथंच का बसली हे सांगता येणं, हे त्याचं खरं काम. ते शिकण्याचं मुख्य साधन म्हणजे उंचसखलपणा, नद्या, रस्ते आणि वस्त्या दाखवणारा स्थलनिर्देशक नकाशा, सगळ्यांच्या तोंडी असलेलं ‘टोपोशीट’. स्वतंत्र भारतात हेच साधन विद्यार्थ्यांपासून कित्येक वर्षं दूर राहिलं. या पदवीला आज जी किंमत आहे किंवा नाही, तिचं मूळ बरंचसं तिथं सापडतं.

फार मागे जायची गरज नाही. भास्कराचार्यांच्या गोलाध्यायात ‘भुवनकोश’ नावाचं प्रकरण आहे आणि त्यात पृथ्वीचा परीघ ४,९६७ योजनं दिला आहे. ती परंपरा गणित-ज्योतिषाची. आजच्या विषयाचा धागा १८०२ मध्ये मद्रासजवळ सुरू झालेल्या त्रिकोणमितीय, म्हणजे त्रिकोण आखून केलेल्या, जमीन मोजणीशी जुळतो. ती मोजणी फौजेच्या अधिकाऱ्यांनी केली. राज्य चालवायला आणि फौज हलवायला नकाशे हवे होते. नकाशा ही सरकारची मालमत्ता आणि ती पाहायची तर परवानगी हवी, ही कल्पना तेव्हापासूनची. स्वातंत्र्यानंतर महाविद्यालयांत भूगोलाचे वर्ग वाढले ते मुख्यतः शाळांना शिक्षक हवे होते म्हणून. नकाशे बनवणाऱ्या ‘सर्व्हे ऑफ इंडिया’ या सरकारी खात्याशी त्या वर्गांचं नातं जवळजवळ जुळलंच नाही.

१९६२ आणि १९६५ च्या युद्धांनंतर बंधनं आणखी आवळली गेली. साठच्या दशकाच्या अखेरीस देशाच्या सीमेलगतचा आणि किनाऱ्यालगतचा सुमारे ८० किलोमीटरचा पट्टा ‘प्रतिबंधित’ ठरला. त्या पट्ट्याचे बारीक तपशील दाखवणारे नकाशे सामान्य माणसाला मिळेनात. महाराष्ट्राच्या नकाशावर ही पट्टी आखून पाहा: मुंबई आली, रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग आले, सह्याद्रीचे बहुतेक घाटमाथे आले. राज्यातला भूरचनेच्या दृष्टीनं सगळ्यांत समृद्ध भाग असा एका फटक्यात वर्गाबाहेर गेला. संस्थांना हमीपत्र देऊन नकाशे मिळवायची वाट होती, पण ते सांभाळायची जबाबदारी अंगावर घ्यायला फारसं कुणी तयार नसे.

मी कोकणातल्या महाविद्यालयात शिकलो. आमच्या प्रात्यक्षिकाला आलेलं शीट ५५ क्रमांकाच्या मालिकेतलं, नागपूर बाजूचं होतं. प्रमाण १:५०,०००, म्हणजे दोन सेंटिमीटरला एक किलोमीटर. घडीवर फाटलेलं, मागून कापड चिकटवलेलं. त्याच्यावर दोरा वळवून आम्ही कन्हानची लांबी मोजली, कागदाची पट्टी ठेवून समोच्च रेषांवर खुणा केल्या आणि जमिनीचा चढउतार दाखवणारा उभा छेद काढला. वर्गाच्या खिडकीतून खाडी दिसत होती, पलीकडं सडा, म्हणजे जांभ्याचं सपाट पठार होतं, खाली भरतीचं पाणी शिरणारं खाजण होतं. यातलं काहीही नकाशावर कसं दिसतं ते मी पदवी हातात पडेपर्यंत पाहिलं नाही. जर्नल पूर्ण झालं, सही झाली, गुण मिळाले.

सुरक्षेची काळजी खोटी होती असं मी म्हणणार नाही. त्या काळात शत्रूच्या हाती तपशीलवार नकाशा पडणं ही खरीच भीती होती. पण आकाशातून उपग्रह फोटो काढू लागल्यावरही तोच नियम चालू ठेवणं ही चूक होती, आणि तिची किंमत वर्गातल्या मुलांनी मोजली. साधन नाही म्हटल्यावर विषय पाठांतराकडे झुकला. हुशार मुलांनी त्याचा उपयोग स्पर्धा परीक्षांसाठी केला. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत २०१३ पासून दोनाऐवजी एकच वैकल्पिक विषय राहिला, तरी भूगोलाची मागणी टिकली, कारण त्यातला बराच भाग सामान्य अध्ययनालाही लागतो. पुण्यातल्या सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांत हा विषय जितका वाचला जातो तितका भूगोलाच्या वर्गांतही वाचला जात नसेल. ही किंमत खरी आहे, पण ती परीक्षेची आहे.

कुलूप उघडायला सुरुवात झाली ती २००५ मध्ये. मे महिन्याच्या सुरुवातीला भारतानं नकाशे बनवण्यासाठीच घडवलेला कार्टोसॅट-१ उपग्रह सोडला. त्याच महिन्यात नवं नकाशा धोरण आलं: संरक्षण दलांसाठी एक मालिका आणि संवेदनशील जागा वगळून जनतेसाठी दुसरी, खुली मालिका. जूनमध्ये गूगल अर्थ आलं आणि जे शीट कपाटात होतं त्याहून ताजं चित्र सायबर कॅफेत फुकट दिसू लागलं. २००९ मध्ये इस्रोनं स्वतःचं नकाशा संकेतस्थळ काढलं. त्याचं नाव ‘भुवन’. २०१७ मध्ये खुल्या मालिकेतली शीटं आधार क्रमांक देऊन उतरवून घेण्याची सोय झाली. १५ फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनी भारतीय संस्थांसाठी नकाशे बनवायला लागणाऱ्या पूर्वपरवानगीची अटच काढून टाकली आणि २०२२ च्या अखेरीस त्यावर राष्ट्रीय धोरणही आलं.

नेमक्या याच वर्षांत नकाशा वाचणाऱ्या माणसाची गरज उघडी पडली. ३० जुलै २०१४ ला दरड कोसळून माळीण गाव गाडलं गेलं, २०२१ ला तळिये, २०२३ ला इर्शाळवाडी. २०१९ च्या पुरानंतर सांगली-कोल्हापुरात ‘निळी रेषा’ आणि ‘लाल रेषा’ हे शब्द घरोघरी गेले. निळी म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची हद्द. फ्लॅट घेणारा माणूस ही रेषा कुठून जाते ते विचारतो. ती तिथूनच का जाते, नदीपात्रात भराव पडल्यावर ती किती सरकेल, हे सांगायला भूगोलाचा पदवीधर लागतो.

आणि इथंच जुनी गाठ आडवी येते. भूगोल कला शाखेत की विज्ञान शाखेत? काही विद्यापीठांत एकाच वर्गात, एकाच अभ्यासक्रमाला बसलेल्या दोघांपैकी एकाला एम.ए. मिळते आणि दुसऱ्याला एम.एस्सी., कारण आधीची पदवी वेगळी. दोघांनी तीच शीटं वाचली, तीच सुदूर संवेदनाची, म्हणजे उपग्रहाच्या चित्रांवरून जमीन वाचण्याची, प्रात्यक्षिकं केली. मी पाहिलेल्या एका भरतीच्या जाहिरातीत भूमाहिती विश्लेषकाच्या, म्हणजे संगणकावर नकाशांची माहिती तपासणाऱ्याच्या, जागेसाठी अभियांत्रिकी, संगणकशास्त्र आणि ‘एम.एस्सी. भूगोल’ चालत होतं. एम.ए. चालत नव्हतं. माझ्या ओळखीच्या मुलीनं तरीही अर्ज केला आणि दोन्ही गुणपत्रिका शेजारी ठेवून पाठवल्या: स्वतःची आणि शेजारच्या बाकावरच्या एम.एस्सी. मैत्रिणीची. विषयांची नावं ओळीनं तीच होती. अर्ज छाननीत बाद झाला. कारणाच्या रकान्यात ‘विज्ञान शाखेची पदवी नाही’ एवढंच लिहिलं होतं.