योव्हान दुचिच : ‘प्येस्मे’ ते ‘पेस्मे’

सर्बियन कवी आणि राजदूत योव्हान दुचिच यांचा पहिला संग्रह ‘प्येस्मे’ १९०१ मध्ये हर्झगोव्हिनातल्या (आजच्या बोस्निया-हर्झगोव्हिनाचा भाग) मोस्तारला निघाला. १९०८ मध्ये बेलग्रेडहून आला तो ‘पेस्मे’. दोन्हींचा अर्थ ‘कविता’च. फरक एका ‘य’काराचा, पण हर्झगोव्हिनाची बोली सोडून त्यांनी बेलग्रेडची धरल्याची ती खूण आहे. ग्रंथालयाच्या सूचीत शोधताना दोन्ही रूपं टाकावीत, नाहीतर एखादी आवृत्ती निसटते.

दुचिच यांचा जन्म हर्झगोव्हिनातल्याच त्रेबिन्ये गावचा. जन्मवर्ष मात्र १८७१, १८७२, १८७४ असं वेगवेगळं छापलेलं आढळतं. तेव्हा तिथे ऑटोमन अंमल होता. १८७८ मध्ये ऑस्ट्रिया-हंगेरीचा आला. बियेल्यिनात शिक्षक असताना देशभक्तीच्या कवितांपायी त्यांना शहर सोडावं लागलं. १८९६ मध्ये मोस्तारला कवी आलेक्सा शांतिच आणि लेखक स्वेतोझार चोरोविच यांच्यासोबत त्यांनी ‘झोरा’, म्हणजे ‘पहाट’, हे मासिक उभं केलं.

पुढे जिनिव्हा आणि पॅरिसने त्यांचा कानच बदलला. सर्बियन वीरगीतांची ओळ दहा अक्षरांची, यती, म्हणजे ओळीतला थांबा, चौथ्यानंतर. दुचिच फ्रेंच वळणाच्या बारा अक्षरांकडे गेले, यती सहाव्यानंतर. अडचण आघाताची, म्हणजे उच्चारातल्या जोराची, होती. फ्रेंच ओळीत सहाव्या आणि बाराव्या अक्षरावर आघात येतो; प्रमाण सर्बियनमध्ये अनेकाक्षरी शब्दाच्या अंत्याक्षरावर तो पडतच नाही. त्यामुळे फ्रेंच चाल जशीच्या तशी उचलता येत नाही. सहाव्या अक्षराशी शब्द पुरा करायचा आणि ओळीचा शेवट हलका सोडायचा, ही वाट दुचिच आणि त्यांचे समकालीन मिलान राकिच यांनी घोटून पक्की केली. राकिचही राजनैतिक सेवेतलेच. माझ्या मते दुचिच यांचं खरं मोठेपण या कारागिरीत आहे.

१९०७ मध्ये ते सर्बियाच्या परराष्ट्र खात्यात शिरले. सोफिया, रोम, अथेन्स, माद्रिद, कैरो, बुडापेस्ट अशा नेमणुका झाल्या; १९३९ मध्ये बुखारेस्टला ते युगोस्लाव्हियाचे पहिले पूर्ण दर्जाचे राजदूत झाले. फिरतीतल्या मुक्कामांवरचं ‘ग्रादोवी इ हिमेरे’ हे प्रवासगद्य आवर्जून वाचावं.

एप्रिल १९४१ मध्ये युगोस्लाव्हिया पडला तेव्हा ते माद्रिदला होते. तिथून लिस्बनमार्गे अमेरिकेत गेले. ७ एप्रिल १९४३ रोजी इंडियानातल्या गॅरी इथे त्यांचं निधन झालं आणि इलिनॉयमधल्या लिबर्टीव्हिलच्या मठात दफन झालं. अस्थी त्रेबिन्येला पोचल्या २००० साली. गावावरच्या त्स्रक्विना टेकडीवर, कोसोवोतल्या ग्राचानित्सा मठाच्या धर्तीवर बांधलेल्या चर्चमध्ये त्या आहेत.