‘गरजेल तो पडेल काय’ आणि रॉयल ओकचं पोस्ट

अमेरिकेत कुणी ऑफिसात भडकून अंगावर धावला की त्याला ‘गोइंग पोस्टल’ म्हणतात, बहुधा थट्टेने. शब्द आला तो मात्र खऱ्या रक्तपातातून. २० ऑगस्ट १९८६ला ओक्लाहोमातल्या एडमंडच्या पोस्टात एक अर्धवेळ पोस्टमन सकाळी कामावर आला. आदल्या दिवशी सुपरवायझरांनी त्याला झापलं होतं. खांद्यावरच्या टपालाच्या पिशवीत पिस्तुलं होती. चौदा सहकाऱ्यांना मारून त्याने स्वतःवर गोळी झाडली. पुढे चर्चा झाली ती मुख्यतः त्याच्या विक्षिप्तपणाची.

मिशिगनमधल्या रॉयल ओकला विक्षिप्तपणाचं हे उत्तर पुरेना. तिथल्या पोस्टातला एक बडतर्फ कर्मचारी नोकरीसाठी लवादात भांडत होता. हरलो तर एडमंडहून भयंकर करीन, असं तो बोलून दाखवायचा, आणि ते वरिष्ठांच्या कानावरही होतं. ‘गरजेल तो पडेल काय’ म्हणून आपण अशा माणसाला सोडून देतो. तो लवादात हरला आणि काही दिवसांतच, १४ नोव्हेंबर १९९१ला, त्याने चौघांचा जीव घेतला.

मग अमेरिकी संसदेच्या, म्हणजे काँग्रेसच्या, समितीने चौकशी केली, तेव्हा तिथल्या साहेबांची दमदाटीही समोर आली. मला हाच खरा टप्पा वाटतो. फेब्रुवारी १९९२मध्ये पोस्ट खात्याने पोस्टमनांच्या युनियनसह काही संघटनांबरोबर संयुक्त निवेदनावर सह्या केल्या: हिंसा, धमकी, छळ कुणाचाच खपवून घेणार नाही, माणसांना मानाने न वागवणाऱ्याला बढती नाही. असले कागद फायलीत पडून राहतात. पण १९९६मध्ये लवादाने निकाल दिला की हा करारच आहे, सुपरवायझरांनाही लागू.

पुढे खात्यात धमक्या तपासणारी पथकं आली. माणूस विचित्र आहे का, यापेक्षा तो नेमकं काय बोलला, कुणाबद्दल, हाताशी शस्त्र आहे का, नुकतंच काय गमावलंय, हे प्रश्न महत्त्वाचे ठरले.

गंमत अशी, की २०००मध्ये माजी केंद्रीय मंत्री जोसेफ कॅलिफानो यांच्या, पोस्टातल्या सुरक्षिततेवरच्या आयोगाला आढळलं, पोस्टात कामावर खून होण्याचा धोका देशाच्या सरासरीच्या जेमतेम एक तृतीयांश होता. बदनामी राहिली ती राहिलीच.

मे २०२१मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेच्या रेल्वे यार्डात एका कर्मचाऱ्याने नऊ सहकारी मारले. त्यानंतर आलेल्या कायद्याने १ जुलै २०२४पासून तिथल्या बहुतेक मालकांना कामावरच्या हिंसेच्या प्रतिबंधाची लेखी योजना आणि घटनांची नोंदवही ठेवावी लागते. तीत नुसती धमकीही लिहायची, कुणाला ओरखडा उठलेला नसला तरी. नावं तेवढी लिहायची नाहीत.