सत्तरीचे १८९५ चे बंड आणि आफ्रिकेची वाटणी

सप्टेंबर १८९५ मध्ये गोव्याच्या पोर्तुगीज फौजेतील मराठा शिपायांनी मोझांबिकला जाण्याचा हुकूम धुडकावला, शस्त्रे आणि दारूगोळ्यासह गोव्यातील डोंगराळ सत्तरी महाल गाठला आणि वाळपईजवळील नाणूसच्या किल्ल्यात तळ ठोकला. थोड्याच काळात सत्तरीतील वतनदार राणे घराण्याचे दादा राणे आणि त्यांचे भाऊबंद त्यांना येऊन मिळाले. राण्यांच्या बंडांच्या मालिकेतील आणखी एक बंड म्हणून ही घटना सांगितली जाते आणि त्यात खोटे काही नाही. मात्र गोव्यातील शिपाई समुद्रापलीकडच्या आफ्रिकेत कशासाठी हवे होते, हा प्रश्न त्या सांगण्यात मागे पडतो.

त्याचे उत्तर लिस्बन आणि लंडन यांच्या चढाओढीत आहे. १८८४-८५ च्या बर्लिन परिषदेनंतर आफ्रिकेतील मुलखावर केवळ जुना हक्क सांगून भागेना; तेथे प्रत्यक्ष अंमल दाखवावा लागे. अंगोला आणि मोझांबिक यांना जोडणारा सलग पट्टा पोर्तुगालने नकाशावर गुलाबी रंगाने आपला म्हणून दाखवला होता, आणि त्याच पट्ट्यातून ब्रिटिशांना उत्तरेकडे सरकायचे होते. ११ जानेवारी १८९० रोजी ब्रिटनने निर्वाणीचा खलिता दिला आणि आपल्या सर्वांत जुन्या मित्राकडून झालेला हा अपमान पोर्तुगालला मुकाट्याने गिळावा लागला.

पुढच्या वर्षी तहाने सीमा ठरल्या, तरी दक्षिण मोझांबिकमधील गाझा राज्याचा राजा गुंगुन्याना हा पोर्तुगीजांना जुमानत नव्हता. ब्रिटिश साम्राज्यवादी उद्योजक सेसिल ऱ्होड्सच्या कंपनीशी बोलणी करून त्याने तिच्याकडून बंदुका मिळवल्या होत्या. दोन साम्राज्यांच्या वैरातून आपले राज्य वाचवण्याचा त्याचा हा प्रयत्न होता. १८९४ मध्ये दक्षिण मोझांबिकमधील पोर्तुगीजांच्या लोरेंसो मार्किस शहरावर आसपासच्या आफ्रिकी सरदारांनी हल्ला केला, तेव्हा आपल्याला बंदोबस्त जमत नाही हे निमित्त करून ब्रिटिश आत शिरतील, या धास्तीने लिस्बनने मोठी मोहीम काढली. त्या मोहिमेसाठी गोव्यातून कुमक मागवण्यात आली.

इकडे गोव्यातही ब्रिटिशांचा हात पोचलेला होताच. फ्रेंचांचे भय दाखवून त्यांनी १७९९ ते १८१३ या काळात गोव्यात आपले सैन्य ठेवले होते. १८७८ च्या करारान्वये तर त्यांनी वर्षाला चार लाख रुपयांच्या मोबदल्यात गोव्यातील मिठाचा मक्ता मिळवला, मुरगाव बंदराचा आणि रेल्वेचा मार्ग मोकळा झाला, आणि मिठागरांवर जगणाऱ्यांचा धंदा बसला. १८९२ मध्ये करार संपला तेव्हा गोव्याची तिजोरी काही सावरलेली नव्हती.

सत्तरीची तक्रार मात्र याहून जुनी होती. हा डोंगराळ महाल नव्या काबिजादींपैकी, म्हणजे अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पोर्तुगीजांकडे आलेला. तेथील राणे हे मोकासदार, म्हणजे गावांच्या महसुलाचा वतनी हक्क असलेले. नवे सरकार आपले वतनी हक्क आणि मान राखील या बोलीवर ते शांत राहत आणि ती बोली मोडली की किल्ल्यावर चालून जात. २६ जानेवारी १८५२ रोजी दिपाजी राणे यांनी हाच नाणूसचा किल्ला घेतला आणि तीनेक वर्षे झुंज दिली. अखेर सरकारला समझोता करावा लागला. पुढे १८७१ मध्ये गोव्याच्या फौजेतच बंड झाले, ती फौज बरखास्त करण्यात आली आणि त्यासाठी राजपुत्र आगुस्तु लिस्बनहून आला.

१८९५ च्या शिपायांचे म्हणणे साधे होते: आम्ही परमुलखात गेलो तर मागे बायकापोरांनी खायचे काय? भत्त्याची मागणी मान्य झाली नाही. गुंगुन्यानाविषयी आपुलकी वाटून ते उठले असे म्हणणे ओढूनताणून होईल. तरीही त्यांच्या नकारामुळे आफ्रिकेत लढायला निघालेल्या सरकारला गोव्यातच लढावे लागले, आणि पुन्हा एकदा राजघराण्यातील माणूस, या वेळी राजाचा भाऊ अफोंसु, फौज घेऊन गोव्यात पाठवावा लागला. त्याच सुमारास, २८ डिसेंबर १८९५ रोजी, शैमिती येथे गुंगुन्याना पकडला गेला. त्याला अझोर्स बेटांवर नेण्यात आले, तर दादा राणे यांना पुढे तिमोरला हद्दपार करण्यात आले. सत्तरीतील राणे त्यानंतरही, १९१२ मध्ये, पुन्हा उठले. तोवर पोर्तुगालमधील राजेशाही जाऊन प्रजासत्ताक आले होते.