फाब्रिका की कोमुनिदाद? चर्चची जमीन वेगळी, गावाची वेगळी

गोव्यातल्या गावात चर्चभोवतीची जमीन दिसली की ‘ही चर्चची’ असं लोक सहज बोलून जातात. खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या बांधातल्या शेतात, भराव पडला की मग पाद्रीकडे धाव घेतात. तो बिचारा काय करणार? ती जमीन बहुधा कोमुनिदादीची, म्हणजे गावच्या सामायिक संस्थेची असते.

फाब्रिका ही चर्चची संस्था. पाद्री तिचा अध्यक्ष. चर्चची इमारत, दफनभूमी, चर्चच्या नावावरची भाटं (माडांच्या बागा) आणि त्यांचे हिशेब एवढंच तिचं काम.

कोमुनिदाद म्हणजे जुनी गांवकारी, गावच्या मूळ घराण्यांतल्या लोकांची, म्हणजे गांवकारांची संस्था, पोर्तुगीजांच्याही आधीची. १५२६ साली पोर्तुगीज अधिकारी आफोंसो मेशियाने तिचे रिवाज फोराल या सनदेत लिहून घेतले. गावची मोठी धर्मांतरं झाली ती त्यानंतर. म्हणून आज ख्रिस्ती गांवकार आहेत तसे हिंदूही. गांवकारपण घराण्यातून येतं, बाप्तिस्म्यातून नव्हे. पाद्रीला पाद्री म्हणून तिथे काही अधिकार नाही. पण दोन्हीकडे प्रोकुरादोर (मुखत्यार) असतो, दोन्हीकडे खजिनदार असतो; गोंधळ इथेच होतो.

खाजनाकडे पाहा. भरतीच्या पातळीखालची ही शेतं मातीच्या बांधाने राखलेली. भरती चढली की मानशीची (बांधातल्या पाणदाराची) लाकडी दारं पाण्याच्या दाबाने आपोआप मिटतात, ओहोटीला उघडतात. एकदा बांध फुटला की खारं पाणी शेतात शिरतं आणि भात हातचं जातं. हे बांध पूर्वी गांवकारी राखायची. १९६४ चा कूळ कायदा आणि १९७६ ची दुरुस्ती यांनी कुळं मालक झाली, तशी बांधांची जबाबदारी बऱ्याच ठिकाणी कुळांच्या संघटनांवर गेली. माझ्या मते दुर्लक्ष तिथूनच वाढलं.

आणि श्रद्धेचं काय? बायबलात लेवीय २५:२३ मध्ये देव सांगतो की जमीन माझी आहे, ती कायमची विकू नका, तुम्ही माझ्याकडे उपऱ्यासारखे राहता. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात याच वचनाचा आधार घेतला. पाद्री हे वेदीवरून सांगू शकतो, सांगायलाच हवं. पण कोमुनिदादीच्या जमिनीबद्दलचा ठराव गांवकारांच्या सभेत होतो. तुम्ही गांवकार असाल तर सभेची नोटीस लागेल त्या दिवशी ती नीट वाचा, कुठला सर्व्हे नंबर कोणाला द्यायचा आहे ते बघा, आणि सभेला जाऊन बोला.