झिजलेली दाढ तडकते कशी? एका जुन्या प्रश्नाची पार्श्वभूमी

गेल्या महिन्यात नानांची, म्हणजे माझ्या वडिलांची, खालची दाढ भाजलेले हरभरे खाताना उभी चिरली. वय ७८. दाढेला कीड नव्हती, सिमेंट कधी भरलेलं नव्हतं. कोथरूडमधल्या दंतवैद्यांनी ती काढली आणि मागितली म्हणून पुडीत बांधून दिली. घरी खिडकीपाशी धरून पाहिली. माथा घासून सपाट झालेला, कडेनं एनॅमलची, म्हणजे वरच्या कठीण कवचाची, पांढरी किनार, मध्ये पिवळट डेंटिनची, म्हणजे कवचाखालच्या भागाची, खोलगट वाटी, आणि वाटीतून मुळाकडे उतरलेली काळी रेघ. मुळाचं टोक मात्र काचेसारखं, उजेड आरपार जाणारं. "दात मऊ पडले आता," नाना म्हणाले. खरं तर उलट झालेलं असतं. दात जास्त कठीण होतो आणि म्हणूनच ठिसूळ होतो. एवढं नीट कळायला अडीचशे वर्षं जावी लागली.

दातांवरून वय ओळखणं आपल्याला नवं नाही. चाकणच्या बाजारात बैल घेताना तोंड उघडून बघतातच: आदत, दोन दाती, चार दाती, जुळलेला. 'धर्माची गाय आणि दात का गं नाय' ही म्हण त्याच व्यवहारातली. पण वय दाताचं नेमकं काय करतं, हा प्रश्न वेगळा.

त्याचा पहिला धागा लंडनचे शल्यविशारद जॉन हंटर यांच्या १७७१ च्या ग्रंथात सापडतो. दात वरून जसजसा झिजतो, तसतशी आतली पोकळी नव्या द्रव्यानं भरत येते, त्यामुळे ती उघडी पडत नाही, असं त्यांनी नोंदवलं. मला हे निरीक्षण फार मोलाचं वाटतं. एनॅमल घडवणाऱ्या पेशी दात हिरडीबाहेर येईपर्यंत संपलेल्या असतात, म्हणून झिजलेलं एनॅमल पुन्हा येत नाही. डेंटिन मात्र जिवंत असतं आणि आतून भर घालत राहतं.

१८९५ मध्ये अमेरिकेत जी. व्ही. ब्लॅक यांनी डेंटिनचे तुकडे यंत्रात दाबून चिरडले आणि 'मऊ दात किडतात' हा समज खोडून काढला. पण तोंडातला दात असा एका दाबात चिरडत नाही. तो वर्षानुवर्षं, घासागणिक, थोडा थोडा ताण सोसतो. धातूला थकवा येतो तसा दातालाही येतो, आणि तो मोजण्याची वेळ पुष्कळ उशिरा आली.

दरम्यान न्यायवैद्यकानं दातातलं वय वाचायला घेतलं. स्वीडनच्या गोस्टा गुस्टाफसन यांनी १९५० मध्ये सहा खुणा दिल्या. त्यांत माथ्याची झीज होती, तशीच मुळाची पारदर्शकताही. डेंटिनमध्ये असंख्य सूक्ष्म नळ्या असतात. वयाबरोबर त्या खनिजानं बुजत जातात, सुरुवात मुळाच्या टोकापासून. नळ्या बुजल्या की प्रकाश विखुरत नाही, सरळ पार जातो. नानांच्या दाढेचं टोक काचेसारखं दिसलं ते यामुळे.

हा प्रश्न मागे राहण्याचं एक कारण साधं आहे. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगावच्या प्राचीन वस्तीत डेक्कन कॉलेजनं १९६८ ते १९८३ उत्खनन केलं. तिथल्या सांगाड्यांचा आणि दातांचा अभ्यास जॉन लुकाक्स आणि सुभाष वाळिंबे यांनी केला. पुरलेल्यांत बहुतेक लहान मुलं, घराच्या जमिनीखाली रांजणांत ठेवलेली. तिथे ७८ वर्षांची दाढ कुठून मिळणार? स्वातंत्र्याच्या सुमारासही देशाचं सरासरी आयुर्मान ३२ वर्षांच्या आसपास होतं. म्हातारपणी स्वतःच्या दाढांनी चावणारी माणसं घरोघर दिसू लागली, ती अलीकडेच.

उत्तर येऊ लागलं २००५ पासून. त्या वर्षी कॅलिफोर्नियात किनी, रिची आणि सहकाऱ्यांनी पारदर्शक डेंटिन तपासलं. ताठपणा बदललेला नव्हता, खनिज वाढलेलं होतं, पण तडा रोखण्याची ताकद सुमारे पाचव्या हिश्शानं घटलेली होती. तरुण डेंटिन तुटण्याआधी थोडं नमतं, हे जवळजवळ नमतच नाही. पुढच्याच वर्षी ड्वेन अरोला यांच्या गटानं मेरिलँडमध्ये दाखवलं की वारंवारच्या ताणाखाली वयस्कर डेंटिनमधला तडा तरुण डेंटिनपेक्षा शंभरपटीहून अधिक वेगानं पसरतो. २००८ मध्ये त्याच गटाला वयस्करांचं एनॅमलही पृष्ठभागाशी अधिक कठीण आणि अधिक ठिसूळ आढळलं. म्हणजे हंटरना दिसलेली आतली डागडुजी खरीच, पण नळ्या बुजवणारं खनिज दाताची तडा रोखण्याची ताकद घेऊन जातं.

त्यात झीज. चावण्यानं दाढांचं एनॅमल वर्षाला साधारण २९ मायक्रॉन (मिलिमीटरचे हजारावे भाग) जातं, म्हणजे पन्नास वर्षांत दीडेक मिलिमीटर. आणि सगळ्यात जाड जागीही ते अडीच मिलिमीटरच असतं. नानांचं बालपण जात्यावर दळलेल्या भाकरीचं. आपल्याकडचं जातं काळ्या दगडाचं, त्याचे कण एनॅमलपेक्षा कठीण. पुढे तीस वर्षं मिश्री. वरचं कवच गेलं की घासाचा भार थेट वाटीतल्या डेंटिनवर येतो, आणि आधार सुटलेली एनॅमलची किनार टवके उडून जाते.

दुसऱ्या बाजूच्या दाढेलाही तशीच वाटी पडली आहे. डॉक्टरांनी ती फारशी न कोरता वरून पूर्ण टोपी बसवायचं ठरवलंय, म्हणजे दाढेचे उंचवटे एकमेकांपासून फाकणार नाहीत. मंगळवारी माप घेणार आहेत. तोवर हरभरे भिजवून.